जपानच्या शाळेत एएलटी (इंग्रजीच्या तासाला मदत करणारी परदेशी शिक्षिका) म्हणून आलेय, रिकाम्या स्टाफरूममध्ये दिवसभर नुसतं बसायचं का?

रिकामा_डेस्क
नमस्कार मंडळी. जेट प्रोग्रामवर (परदेशी लोकांना जपानच्या शाळांत आणणारी सरकारी योजना) ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इथे आले, छोटंसं गाव आहे, एक ज्युनियर हायस्कूल आणि आठवड्यातून दोन दिवस प्राथमिक शाळा असं ठरलंय. म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात उन्हाळी सुट्टी चालू आहे, शाळेत मुलंच नाहीत आणि तरी मी रोज सव्वाआठला हजर, चारपर्यंत. आज अठरावा दिवस. स्टाफरूममध्ये मी आणि क्योतो-सेन्सेई (उपमुख्याध्यापक), बाकीचे येतात जातात, कोणी प्रशिक्षणाला कोणी मैदानावर. ड्रॉवर तीनदा आवरून झाला, त्यात आधीच्या एएलटींचे वाळलेले मार्कर आणि प्राण्यांची लॅमिनेट केलेली कार्डं सापडली, त्यातला जिराफ गायब आहे.

फोन वाजला की पोटात गोळा येतो कारण मला जपानी जेमतेम येतं, मी सरळ प्रिंटरकडे काहीतरी काम असल्यासारखी उठून जाते.

तर प्रश्न असा की हे सगळीकडे असंच असतं का, सुट्टी टाकली तर वाईट दिसेल का, आणि सप्टेंबरमध्ये तरी काही शिकवायला मिळतं की नुसतं धडा वाचून दाखवायचा? शिवाय मी शाकाहारी, शाळेतल्या जेवणाचं काय करू?

चौथं_वर्ष_संपलं
अगं सगळीकडे असंच. याला डेस्क-वॉर्मिंग म्हणतात, प्रोग्राम १९८७ पासून चालूय आणि खुर्ची ऊबदार ठेवायची प्रथाही तेव्हाचीच असणार 😀 तुझा करार शिक्षण मंडळाशी आहे, मुलांना सुट्टी म्हणजे आपल्याला नाही, तिथले शिक्षकही येतातच. भरपगारी रजा (नेनक्यू) मात्र तुझ्या हक्काची आहे, ती घे, फक्त आदल्या दिवशी नको, चार-पाच दिवस आधी सांग आणि फॉर्मवर शिक्का मार.

पण सगळी रजा आत्ताच उडवू नकोस. त्यापेक्षा दुपारी बुकात्सुला जा, म्हणजे मुलांचे क्लब, टेनिस, ब्रास बँड जे असेल ते. सुट्टीतही सराव चालू असतो. खेळता येत नसेल तरी चेंडू गोळा कर. मला सप्टेंबरमध्ये वर्गात गेल्यावर जी पाच-सहा पोरं आपणहून बोलली ती सगळी त्या मैदानावरची होती.

वाचून दाखवण्याचं म्हणशील तर ज्युनियर हायस्कूलमध्ये बऱ्याचदा तसंच, वर्ग जपानी इंग्रजी-शिक्षकाचा असतो आणि आपण टेपरेकॉर्डर. प्राथमिकला उलट. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झालाय, गुणांसकट, तिसरी-चौथीला नुसता उपक्रम, आणि शिकवतात बहुतेक वेळा वर्गशिक्षकच ज्यांना स्वतःला इंग्रजी बोलायची धास्ती असते. तिथे जरा पुढाकार घेतलास तर अख्खा तास तुझा होतो. तेव्हा जिराफ आत्ताच बनवून ठेव.

आणि साफसफाईच्या वेळेला टेबलापाशी बसून राहू नकोस. मुलं वर्ग, जिने, संडास सगळं स्वतः साफ करतात. मी पहिल्या दिवशी फडकं घेऊन बसलो तर तिसरीतला एक मुलगा मला बघत थांबला, मग माझ्या हातातून फडकं काढून घेतलं आणि उभं धरून पिळून दाखवलं, आपण आडवं पिळतो ना, तसं नाही, एक हात वर एक खाली. पाणी खरंच जास्त निघतं. नंतर वर्षभर तो मला जिन्यात भेटला की हवेत फडकं पिळायचा.

फोनचं सोपं आहे. उचल, "शोशो ओमाची कुदासाई" म्हण (जरा थांबा) आणि रिसीव्हर दुसऱ्याच्या हातात दे. एवढंच.

डबा_आणि_मी
जेवणाबद्दल. क्युशोकु म्हणजे शाळेचं जेवण, सगळ्यांना एकच. भाज्या दिसल्या म्हणून शाकाहारी समजू नकोस, सूपमध्ये आणि शिजवलेल्या भाजीत दाशी नावाचा अर्क असतो, तो बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचा. महिन्याचा मेनू आधी छापून येतो, सामान त्या हिशोबाने मागवतात, त्यामुळे ऑगस्टमध्येच सांग की मी डबा आणते आणि माझे पैसे कापू नका. कोणी वाईट मानत नाही, कारण अ‍ॅलर्जीवाली मुलं असतातच. वर्गात मुलांबरोबर बसून खा मात्र. (गंमत म्हणजे मुलांच्या आधी मुख्याध्यापक ते जेवण चाखतात, काही बिघडलेलं नाही ना बघायला. मला ही नोकरी आवडली असती.)

हाकेनवाला
तुमचं दुःख ऐकून भरून आलं 🙏 जेटवाल्यांना २०२५ पासून पहिल्याच वर्षी ४० लाख २० हजार येन, बसायचे सुद्धा. मी कंपनीमार्फत लागलोय, काम तेच, ऑगस्टचा पगार अर्धा येतो कारण "शाळा बंद". तेव्हा बस निवांत.

बरं, कामाचं सांगतो, कोणी आधी सांगत नाही. जुमिनझेई, म्हणजे रहिवासी कर, तो आदल्या वर्षीच्या कमाईवर लागतो, साधारण १० टक्के, आणि जूनपासून कापायला लागतात. तू ऑगस्टमध्ये आलीस म्हणजे येत्या जूनला पाच महिन्यांच्याच कमाईवर, थोडासा. खरा दणका त्याच्या पुढच्या जूनला. १ जानेवारीला तुझी नोंद इथे असेल तर मध्येच देश सोडलास तरी तो भरावा लागतो, माझ्या एका मित्राने जायच्या आठवड्यात ते बिल बघितलं आणि तिकीट बघत बसला.

उलट पेन्शनचे पैसे परत मिळतात. ६ महिने भरले असतील तर जपान सोडल्यावर २ वर्षांच्या आत अर्ज करायचा. त्यातून २०.४२ टक्के कर कापतात, तोही सोडवता येतो पण त्यासाठी इथे कोणाला तरी तुझा कर-प्रतिनिधी नेमावं लागतं, जायच्या आधी नेमलेलं बरं. फक्त एकदा पैसे काढले की तेवढी वर्षं पेन्शनच्या हिशोबातून पुसली जातात.

रिकामा_डेस्क
बापरे, कराचं खरंच माहीत नव्हतं, वेगळं खातं काढून ठेवते. डब्याचं आज सांगितलं, क्योतो-सेन्सेईंनी वहीत लिहून घेतलं आणि कांदा चालतो का विचारलं.

टेनिसला गेले होते. पहिला पाऊण तास कोणीही बोललं नाही, नुसते चेंडू वेचले.

आणि अडीचला फोन वाजला, स्टाफरूममध्ये दोघंच. उचलला. शोशो म्हणेपर्यंत ठीक, पुढचं सगळं विसरले, तसाच रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. शिक्षण मंडळाचा होता. माझ्याबद्दलच, नवीन मॅडम कशा आहेत म्हणून.

चौथं_वर्ष_संपलं
मग? काय म्हणाले ते??

रिकामा_डेस्क
पाच मिनिटं बोलले, मला एकच शब्द कळला. तामानेगी. कांदा.