आजीच्या डब्यातली शिवराई चिंचेने घासू का?

सातारकर: आजीच्या कुंकवाच्या डब्यात तांब्याची शिवराई, म्हणजे जुनं नाणं, सापडली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्र पति’, मधे दोन आडव्या रेघा. ‘पति’ अर्धवटच उमटलंय. चिंचेने घासू का? महाराजांच्या काळातली असेल का हो?

नाणेवेडा: चिंच अजिबात नको! वरचा काळसर थर गेला की नाण्याचा जीवच गेला. माझी एक अशीच वाया गेली, अजून हळहळतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, मऊ कापडाने टिपा.

पुणेकर: दोन रेघा म्हणजे दुदांडी, महाराजांच्या बरीच नंतरची. शिवराई निघाली १६७४ च्या राज्याभिषेकापासून, पण ती एकोणिसाव्या शतकातही चालत होती. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, म्हणून अक्षरं कडेला तुटतात.

सातारकर: भिजत घातली. आजी म्हणते, विकायची नाही.