मोटारसायकलच्या फ्रेमला वेल्डिंग करण्यापूर्वी कोणती खबरदारी घ्यावी?

बोरीकाठ, पारोळा तालुका

नमस्कार. माझी ११० सीसीची बीएस-६ मोटारसायकल रोज दुधाचे कॅन वाहते. कॅरियरवर दोन्ही बाजूंना पडणाऱ्या भारामुळे डाव्या शॉकअपचा वरचा बोल्ट ज्या ब्रॅकेटमध्ये बसतो, त्याच्या कडेपासून फ्रेमच्या नळीवर दोन बोटे लांबीची चीर गेली आहे. गावातील वेल्डर मशीन घेऊन अंगणात येण्यास तयार आहेत. टाकी काढण्याची गरज नाही, वर ओले पोते टाकले की भागते, असे त्यांचे म्हणणे आहे. परंतु भाव वाढेल या आशेने ठेवलेला आमचा कापूस अजून पुढच्या खोलीतच पडून आहे आणि त्या खोलीचे दार थेट अंगणात उघडते. टाकी न काढता काम करणे योग्य आहे का आणि आणखी काय काय सोडवावे लागेल, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त शिल्प निदेशक, धुळे

टाकी काढलीच पाहिजे, यात दुमत नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते, मग आपल्याकडच्या उन्हाळ्याविषयी बोलायलाच नको. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागेत साचून राहते. टाकी रिकामी केली म्हणजे धोका टळला, असा समज आहे. प्रत्यक्षात रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचे मिश्रण भरलेले असल्याने ती भरलेल्या टाकीपेक्षाही घातक ठरते. म्हणून टाकी नळीसह काढून घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवावी, टाकीतली वाफ शोषून घेणारा कोळशाचा कॅनिस्टरही सोडवावा आणि सांडलेले पेट्रोल पुसून ते फडकेही दूर न्यावे. सीट, बाजूचे प्लास्टिक आणि त्या भागातील वायरिंग बाजूला घ्यावे. शॉकअपमध्ये तेल आणि काही प्रकारांत दाबाखालील वायू असतो. तो जागेवर ठेवून शेजारी आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ज्योत, पेटवू नये. मात्र शॉकअप काढण्यापूर्वी फ्रेमखाली लाकडी ठोकळे द्यावेत, नाहीतर मागचा भाग खाली बसेल.

कापसाबाबत मी अधिक कडक बोलेन. वेल्डिंगच्या आणि विशेषतः ग्राइंडरच्या ठिणग्या दहा-दहा मीटरपर्यंत उडतात. ढिगात शिरलेली ठिणगी लगेच ज्वाळा दाखवीत नाही. कापूस आतल्या आत धुमसत राहतो आणि घर झोपल्यावर पेटतो. दार लावून घेतल्याने फटी बंद होत नाहीत. हे काम त्या अंगणात करूच नये.

वेल्डरच्या अंगावर टेरिकॉटचा शर्ट नसावा, कारण तो वितळून कातडीला चिकटतो. जाड सुती कपडे, चामड्याचे हातमोजे आणि बंद बूट हवेत. घामाने भिजलेल्या हातमोज्यांतून विजेचा धक्का बसण्याची शक्यता वाढते, कारण आर्क पेटलेला नसतानाही होल्डरवर ५० ते ८० व्होल्ट असतात. वेल्डिंगच्या मुखवट्याची काळी काच १० किंवा ११ क्रमांकाची असावी. मान वळवून रॉड टेकवण्याची सवय असलेले कारागीर आणि भोवती जमलेली मुले, या दोघांनाही उघड्या डोळ्यांवर पडलेल्या आर्कच्या किरणांचा त्रास रात्री कळतो, कारण डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सहा ते बारा तासांनी सुरू होते. अशा वेळी डोळ्यांत दूध घालू नये किंवा बटाट्याचे काप ठेवू नयेत, डॉक्टरांकडे जावे.

गॅरेजवाला, भुसावळ

निदेशक साहेबांच्या उत्तराला विजेच्या बाजूची पुरवणी जोडतो. बॅटरीचे ऋण टोक आधी, मग धन टोक सोडवून बॅटरी बाहेर काढावी. बीएस-६ गाड्यांत इंजेक्शनचे ईसीयू, म्हणजे इंधन पुरवठा सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र असते, त्याचे कनेक्टर काढून ठेवावेत. नुसती चावी बंद करून चालत नाही. अर्थिंगचा क्लॅम्प चिरेपासून वीतभर अंतरावर, रंग खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावरच लावावा. तो चाकाला किंवा इंजिनाला अडकवला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो, गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात आणि पुढे महिनाभराने आवाज सुरू झाल्यावर मूळ कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

चिरेभोवतीचा रंग ग्राइंडरने दोन इंच लांबपर्यंत काढावा. ग्रीस पुसायला पेट्रोलचा बोळा वापरू नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरही टाळावा, कारण त्याचा अंश राहिल्यास आर्कच्या उष्णतेने आणि किरणांनी फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. आधारासाठी जीआय पाइपचा तुकडा बसवण्याची पद्धत आहे, पण त्यावरील जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी-ताप भरतो. साध्या काळ्या लोखंडाची पट्टी घ्यावी.

बोरीकाठ, पारोळा तालुका

दोघांचेही आभार. वेल्डरांशी बोललो, ते शेतातल्या मोकळ्या जागी यायला तयार आहेत, परंतु तिथे तीन फेजची वीज रात्रीच असते. रात्री केले तर चालेल का?

गॅरेजवाला, भुसावळ

रात्री करू नये. चीर नेमकी कुठे संपते हे दिवसाच्या उजेडातही भिंग घेऊन शोधावे लागते, आणि ते टोक सापडल्यावर तिथे तीन मिलिमीटरचे छिद्र पाडले नाही, तर वेल्डिंगच्या पलीकडे चीर पुन्हा चालू लागते. छोटा हत्ती करून गाडी तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये नेणे स्वस्त पडेल. तिथे मिग मशीन (रॉडऐवजी आपोआप सरकणाऱ्या बारीक तारेने वेल्डिंग करणारे) असल्यास पातळ नळीला भोक पडण्याची भीतीही कमी. जोड पाणी ओतून गार करू नका, आपोआप निवू द्या. हँडलच्या खालच्या मुख्य नळीलाही बारीक चीर दिसली, तर मात्र वेल्डिंगचा विचार सोडून कंपनीच्या सेवा केंद्रात फ्रेम बदलण्याविषयी विचारावे. चॅसी क्रमांक अनेक गाड्यांवर त्याच नळीवर असतो, त्यामुळे तिथे ग्राइंडर लागू देऊ नका आणि फ्रेम बदलल्यास आरटीओकडे नोंद करून घ्या.

निवृत्त शिल्प निदेशक, धुळे

वर्कशॉपमध्येही एबीसी पावडरचा अग्निशामक किंवा वाळूच्या बादल्या हाताशी आहेत का, ते पाहून घ्या, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. घरी परतल्यावर गाडी कापसाच्या खोलीत लावू नका.