बॅलास्ट वॉटरला मराठीत काय म्हणावं?

रंकाळाकाठ:
कोल्हापुरातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी जहाजांच्या बॅलास्ट वॉटरवरचा मजकूर मराठीत करतेय. माल उतरवला की जहाज हलकं होतं, म्हणून टाक्यांत समुद्राचं पाणी भरून घेतात आणि पुढच्या बंदरात माल चढवताना सोडून देतात. त्यातून अळ्या, शेवाळं, जिवाणू एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जातात. मी 'स्थैर्यजल' लिहिलं होतं. तपासणाऱ्या सरांनी खोडून 'संतुलनभार-जल' केलं. पोरांना यातलं काय कळणार? आणि बाहेरून येऊन पसरणाऱ्या जीवांना 'इन्व्हेजिव्ह' म्हणतात, त्याला 'आक्रमक' चालेल का?

देवगडकर:
नवा शब्द पाडायची गरजच नाही. नीरम! माझ्या आजोळी गलबत रिकामं निघालं की तळाला दगड-वाळू भरायचे, त्याला नीरम म्हणत. हिंदी कोशातही याच अर्थानं आहे.

पेठकर:
नीर म्हणजे पाणी, त्यावरून नीरम. व्युत्पत्ती शब्दातच आहे की. मग पुढं 'जल' कशाला जोडायचं?

देवगडकर:
नाही हो दादा, शब्द दगडांच्या काळातला आहे. टाक्यांत पाणी घ्यायची रीत लोखंडी आगबोटींबरोबर एकोणिसाव्या शतकात रुळली. 'नीरमाचं पाणी' म्हणा खुशाल.

कागलची सूनबाई:
आमच्याकडं उसाची गाडी भरताना पुढं जास्त झालं तर धुरजड, मागं जास्त झालं तर उलाळ. सासरे नुसतं जू हातानं उचलून सांगायचे, दोन मोळ्या मागं सरकवा म्हणून. जहाजाचंही तेच ना? मग 'तोलाचं पाणी' म्हणा.

भाषाव्रती:
ताई, बोलायला छान आहे. पण संज्ञा अशी हवी की तिच्यापासून पुढचे शब्द निघतील. नीरम-टाकी, नीरम-पंप, नीरम-नोंदवही. 'तोलाच्या पाण्याची नोंदवही' कुठवर म्हणत बसायचं?

कागलची सूनबाई:
का नाही? 'पिण्याच्या पाण्याची टाकी' म्हणतोच की रोज. ज्याच्यासाठी लिहायचं त्यालाच कळलं नाही तर संज्ञा घेऊन काय करायचंय?

गडहिंग्लजचा इंजिनिअर:
मी जहाजावर नोकरी करतो. आम्ही सगळे बॅलास्टच म्हणतो, मराठी पोरंसुद्धा. शब्दावर भांडा, पण मजकूर नीट जाऊ दे. रंकाळाकाठ ताई, तुम्ही नियम कुठला लिहिलाय? किनाऱ्यापासून २०० सागरी मैल दूर, २०० मीटर खोल पाण्यात टाक्यांतलं पाणी बदलायचं, हा पहिला टप्पा होता. आंतरराष्ट्रीय करार २००४ चा, लागू झाला ८ सप्टेंबर २०१७ ला. आता नुसतं बदलून भागत नाही. पाणी घेताना गाळतात, मग अतिनील किरणांतून सोडतात किंवा त्याच खाऱ्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन तयार करतात. बाहेर सोडताना ५० मायक्रॉन (मिलिमीटरचा विसावा भाग) आणि त्याहून मोठे जिवंत जीव एका घनमीटरला १० पेक्षा कमी पाहिजेत. पटकीच्या जिवाणूंनाही मर्यादा आहे.

आणि टाकीतला गाळ विसरू नका. मॅनहोल उघडून आत उतरलं की फ्रेमच्या कोपऱ्यात घोटाभर चिखल असतो, बॅटरी मारली की त्यात बारीक खेकडे पळताना दिसतात. रेडी बंदरात खनिज भरायला रिकामं जहाज येतं म्हणतो आपण, ते रिकामं नसतं.

देवगडकर:
हे फार महत्त्वाचं. केरळात अष्टमुडी सरोवरात दक्षिण अमेरिकेतला शिंपला पसरलाय, आपल्या शिनाण्याच्या कुळातला. जहाजांबरोबरच आला असावा असं म्हणतात. स्थानिक शिनाण्याला जागा उरत नाही. त्याला 'आक्रमक' म्हणू नका, तो चाल करून आलेला नाही. 'उपरा' म्हणा.

भाषाव्रती:
उपरा म्हणजे फक्त बाहेरचा. मिरची, बटाटा, पेरूही उपरेच. पसरून दुसऱ्याला मारतो हा अर्थ त्यात येत नाही. 'आक्रमक'च योग्य.

पेठकर:
कोल्हापूरच्या पोरांना उदाहरण द्यायचं तर समुद्रापर्यंत कशाला जायचं? पंचगंगेतली जलपर्णी बघा. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली, फुलांच्या हौसेपायी आणलेली.

शिरोळकर:
जलपर्णी पेपरात. आमच्याकडं केंदाळ! तेरवाड बंधाऱ्याला अडकलं की पाणी दिसत नाही. 'केंदाळलंय' म्हटलं की सगळं आलं, उपरं पण आणि आक्रमक पण.

भाषाव्रती:
केंदाळ म्हणजे मुळात पाण्यावरचं कुठलंही शेवाळ, तण. एका वनस्पतीचं नाव नव्हे.

शिरोळकर:
मुळात काय होतं ते असू दे. आज नदीकाठी कुणालाही विचारा, जांभळ्या फुलाचं तेच दाखवतील.

रंकाळाकाठ:
केंदाळाचं उदाहरण घेतेच. पण बॅलास्टचं काय ठरलं? उद्या मजकूर छपाईला द्यायचाय.

पेठकर:
नीरम.

कागलची सूनबाई:
तोलाचं पाणी.

गडहिंग्लजचा इंजिनिअर:
बॅलास्ट ठेवा, आणि गाळाचं एक वाक्य नक्की घाला.

देवगडकर:
शिरोळकर, एक विचारायचं होतं. 'ते केंदाळ' की 'तो केंदाळ'? मी दोन्ही ऐकलंय.

शिरोळकर:
ते. तो कुठं ऐकलात?