हेडफोन काढला आणि टीव्ही मुका झाला (अनुभव धागा)

पेठेतला_ब्राझीलवाला
रविवारी माळा आवरताना हेडफोनची पाच मीटरची वायर सापडली. एकटाच हसत बसलो.

जुलै २०१४. कोल्हापुरात मंगळवार पेठेत दोन खोल्या, आई-आबा टीव्हीच्याच खोलीत झोपलेले. फुटबॉल वर्ल्डकपची ब्राझील-जर्मनी सेमीफायनल आपल्याकडं रात्री दीडला. आवाज केला तर आबांची चप्पल, म्हणून हेडफोन. तेविसाव्या मिनिटापासनं एकोणतिसाव्यापर्यंत चार गोल खाल्ले राव! एकूण पाच झाले तसा वायरीला असा हिसडा मारला की पिन वाकडी होऊनच बाहेर आली.

सकाळी चित्र आहे, आवाज नाही. रिमोट दाबला की पट्टी पुढं सरकते, पण हेडफोनचं चिन्ह काय जात नाही. आईनं दोन दिवस मुक्या मालिका बघितल्या, संवाद स्वतःच म्हणत. सासूच्या तोंडी तिनं जे घातलं ते इथं लिहिता येणार नाही. दुकानात म्हणाले, बोर्ड गेलाय, बावीसशे पडतील.

शेवटी गल्लीतले रेडिओवाले मामा आले. दुसरी चांगली पिन घेतली, घातली, काढली, गोल फिरवली, पंधरा-वीस वेळा. एकदम आवाज फुटला, तोही फुल्ल. आबा मोरीतनं ओरडले!
मामा म्हणाले, भोकात एक पत्ती असते. पिन आत गेली की ती उचलते आणि स्पीकरची वाट तुटते, निघाली की परत टेकते. टेकली नाही तर टीव्हीला वाटतं पिन आतच हाय.

तुमच्याकडं झालंय का असलं? लिवा.

रंकाळ्याचा_वारा
सात खाल्लेले तुम्ही, सात. वायरीचा काय दोष 😂

पेठेतला_ब्राझीलवाला
अर्जेंटिनावाल्यांनी गप बसा. फायनल कोण हरलं मग?

सुगरण_शाहूपुरी
आमच्यात पिनचं टोकच आत मोडलं होतं. बाहेरनं दिसतच नव्हतं, महिनाभर सगळं करून बघितलं. मेकॅनिकनं मागनं उघडून ढकलून काढलं, तांदळाएवढं होतं. ह्यांनी ते पाकिटात जपून ठेवलंय, का ते विचारू नका. कुकर झाला, येते.

डाग_देणारा
दुरुस्तीचंच काम करतो म्हणून सांगतो. बऱ्याचदा पत्ती मोडलेली नसते, गंजलेली असते. २०१९ च्या पुरानंतर शाहूपुरी कुंभार गल्लीतनं किती सेट आले! चिखल निघाला, पण पत्ती हिरवी. कॉन्टॅक्ट क्लीनर (असले जोड साफ करायचा स्प्रे) मारायचा, टीव्हीचा प्लग भिंतीतनं काढून, आणि पूर्ण वाळू द्यायचं. खोबरेल तेल घालू नका, एका आजीनी घातलं होतं. नाहीच झालं तर सॉकेट बदलायचं, पार्ट स्वस्त असतो. जुन्या सेटला आम्ही सॉकेटची दोन टोकं डाग देऊन (सोल्डर करून) कायमची जोडतो, हेडफोन जातो पण आवाज राहतो. नव्या एलईडीत पिन फक्त बोर्डाला खबर देते, तिथं अंदाजानं जोडू नका. आणि पिक्चर ट्यूबवाला सेट घरात उघडू नका. बंद केला तरी आत करंट राहतो, झटका असा बसतो की देव दिसतो.

पुण्यात_अडकलेला
आईचा फोन, "टीव्हीचा आवाज गेला, तू त्या दिवशी हेडफोन लावलावतास." तासभर फोनवर पिन घाल-काढ. मग सेटिंगमध्ये साउंड आउटपुट बघायला लावलं तर ब्लूटूथ! भाचीनं स्पीकर जोडलेला, आणि तो स्वयंपाकघरात डब्यामागं बातम्या देत होता. आई म्हणे, मला वाटलं शेजारचा.

सुगरण_शाहूपुरी
@पुण्यात_अडकलेला बिचाऱ्या काकू 😄 आमच्या स्मार्ट टीव्हीला एकदा प्लग काढून पाच मिनिटं ठेवल्यावर आवाज आला. आधी सेटिंग बघा, मग मेकॅनिक.

नवखा_राजारामपुरी
@डाग_देणारा दादा, मिक्सर बघता का? भांडं फिरतच नाही.

डाग_देणारा
घेऊन या. सोमवारी बंद असतो.

रंकाळ्याचा_वारा
@पेठेतला_ब्राझीलवाला ती वायर टाकून दिली काय?

पेठेतला_ब्राझीलवाला
नाही हो. आईनं तिच्यावर मिरच्या वाळत घातल्यात.