मदत हवी आहे: डायलिसिससाठी देणगीपत्रात नेमकं काय लिहावं?

सिंहगड रस्ता भागातल्या आमच्या सोसायट्या मिळून जवळच्या धर्मादाय रुग्णालयाला डायलिसिससाठी देणगी देणार आहेत. शेजारपाजारचेच पेशंट तिथे आठवड्यातून दोन-तीनदा जातात, म्हणून लोक मनापासून देतायत. पण बहुतेकांना मशीनच द्यायचंय, कारण त्यावर नावाची पाटी लागते. खरी अडचण चालू खर्चाची आहे: डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर), ट्यूबिंग (रक्त वाहून नेणाऱ्या नळ्या), पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लांटची देखभाल. चार तासांच्या एका सिटिंगला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. आरओ बंद पडला की नवं मशीनही नुसतं उभं राहतं.

रुग्णालयाच्या ट्रस्टच्या ऑफिसशी बोललो. ८०जी (देणगीवर आयकरात वजावट देणारं कलम) नोंदणी चालू आहे, पावती मिळेल. २,००० रुपयांवरची रोख घेत नाही आहोत, त्यावर वजावट मिळत नाही. नव्या करप्रणालीत तर ८०जी नाहीच, हेही सर्वांना सांगितलंय. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत ठेवायची योजना माहीत आहे. आम्हाला त्यात न बसणाऱ्या, मध्यम उत्पन्नाच्या पेशंटना मदत करायचीय. वेगळा ट्रस्ट काढायचा नाही.

रक्कम कॉर्पस (मुद्दल न मोडता गुंतवून ठेवायचा निधी) म्हणून देऊन फक्त व्याज डायलायझरवर खर्च व्हावं, की थेट चालू खर्चासाठी राखीव द्यावी? आणि दरवर्षी हिशेब मिळेल अशी अट कुणी देणगीपत्रात घातली असेल, तर तिची शब्दरचना काय होती?