निफाडच्या थंडीत घोडीला कोणती झूल घालावी? पहाटे ७ अंश आणि दुपारी २८

कादवाकाठ

सर्वांना नमस्कार. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. गेल्या वर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून मी एक मारवाडी घोडी आणली. रंग कुमैत, वय पाच वर्षे, अंगाने सडपातळ आणि स्वभावाने इतकी गरीब की घरातली लहान मुलेही तिला खरारा करतात. आजोबांनंतर आमच्या दावणीला आलेला हा पहिलाच घोडा असल्यामुळे तिची काळजी जरा जास्तच वाटते, आणि त्या काळजीपोटीच गेल्या हिवाळ्यात माझ्या हातून चूक घडली.

आमच्याकडची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ७-८ अंशांवर येतो, काही दिवशी त्याहूनही खाली उतरतो, आणि बागायतदार पहाटेच्या वेळी बागेत शेकोट्या पेटवतात. पण त्याच दिवशी दुपारी २८ अंश असतात आणि उन्हात उभे राहवत नाही. मी दोन जाड मिंक ब्लँकेट एकावर एक शिवून, सुतळीने बांधून, रात्री तिच्या अंगावर घालू लागलो. एके दिवशी सकाळी बागेत डिपिंगची, म्हणजे द्राक्षांचे घड औषधात बुडवण्याची, घाई होती आणि साडेसातला काढायची झूल अकरापर्यंत तशीच राहिली. काढली तेव्हा खालचे केस घामाने अंगाला चिकटलेले होते, पाठीवरून वाफ निघत होती, आणि दोन्ही खांद्यांवर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेतले केस घासून गेलेले होते. ती मात्र मुकाट्याने उभी होती, याचेच मला अधिक वाईट वाटले.

आता पुन्हा थंडी सुरू झाली आहे. आमचा गोठा पत्र्याचा आहे; तीन बाजूंना विटांची भिंत आणि दक्षिणेकडची बाजू मोकळी. अवकाळी पावसाचीही धास्ती असतेच, कारण नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस झालेली गारपीट आम्ही विसरलेलो नाही. अशा हवेत तिला झूल लागते का, लागत असल्यास किती जाड घ्यावी, आणि सकाळी ती काढायला उशीर होण्याची शक्यता असताना काय करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पागेतला

कादवाकाठदादा, सातारा जिल्ह्यात माझा जन्म घोड्यांतच गेला. आमच्याकडे वरातीचे आणि टांग्याचे घोडे असत, आता चार काठियावाडी आहेत. आपल्याला थंडी वाजते म्हणून घोड्यालाही ती वाजतेच असे नाही, ही गोष्ट मला माझ्या वडिलांनी शिकवली आणि तीच मी तुम्हाला सांगतो.

दिवस लहान होऊ लागला की घोड्याच्या अंगावर हिवाळी केस येऊ लागतात. गारठा पडला की हे केस उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवा धरून ठेवतात. घोड्याची पहिली झूल तीच होय. वर जाड वजनदार कापड टाकले की हे केस दबतात आणि ती हवा निघून जाते. पातळ, अपुरी पण जड झूल काही वेळा झूल नसण्यापेक्षाही वाईट ठरते, ती याच कारणामुळे. घोड्याला खरा त्रास देणाऱ्या गोष्टी दोन: ओले अंग आणि वारा. कोरड्या थंडीत, आडोशाला, पोटभर वैरण खाल्लेले तरुण आणि धडधाकट जनावर ७-८ अंशांत बहुधा सुखाने रात्र काढते. तुमचा गोठा दक्षिणेकडे उघडा आहे ही चांगली गोष्ट आहे, कारण आपल्याकडचा हिवाळी गार वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून येतो आणि तो मागच्या भिंतीवर अडतो. त्या मोकळ्या बाजूला ताडपत्री लावून गोठा बंद करू नका. मुताचा उग्र वास आत कोंडला की घोड्याच्या छातीला त्रास होतो.

आता पारख कशी करावी ते सांगतो. पुष्कळ लोक कान चाचपून पाहतात. कान आणि पाय गार असले म्हणजे घोड्याला थंडी वाजते असे नाही. घोडा अंगातली ऊब राखण्यासाठी तिथले रक्त कमी करतो. त्याऐवजी पहाटे उठून हात झुलीच्या आत घालावा, खांद्याच्या मागे, जिथे बरगड्या सुरू होतात तिथे. आपले हात आधी चोळून गरम करावेत, नाहीतर गार हाताला सगळेच ऊबदार लागते. तळवा केसांखाली, थेट कातड्यापर्यंत जाऊ द्यावा आणि दहा-पंधरा श्वास तिथेच ठेवावा. कातडी कोमट आणि कोरडी लागली तर सगळे ठीक आहे. दमट लागली तर झूल जास्त झाली आहे. गार लागली, केस ताठ उभे असले, जनावर शेपटी दाबून अंग आखडून उभे असले किंवा थरथरत असले, तर ऊब कमी पडते आहे असे समजावे. आठ दिवस न चुकता असा हात लावा, मग कोणत्या पाऱ्याला तुमच्या घोडीला काय लागते हे तुमचे तुम्हालाच कळेल. दुसऱ्याच्या घोड्यावरून अंदाज बांधू नका. माझ्याच पागेत दोन सख्ख्या भावांना वेगवेगळी झूल लागते.

मिंक ब्लँकेट मात्र कायमचे बाजूला ठेवा. त्यात घाम कोंडतो आणि चिकटलेले गवत व लीद काही केल्या निघत नाही. सोलापुरी चादर दिसायला छान, पण सुती कापड घामाने किंवा दवाने भिजले की गार पडते आणि अंगाला तशीच चिकटून राहते. जुन्या लोकांत धनगरी घोंगडी वापरत. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब धरते, हा तिचा मोठा गुण आहे. पण नवी घोंगडी राठ असते, खांदे घासते, आणि चांगली भिजली की फार जड होते. घोंगडीच घालायची असेल तर छातीकडच्या आणि खांद्याच्या भागाला आतून मऊ कापडाचे अस्तर लावून घ्या.

यॉर्कशायरची मराठी

मी गेली नऊ वर्षे उत्तर इंग्लंडमध्ये राहते आणि एका तबेल्यात घोड्यांची देखभाल करते. इथला हिवाळा तुमच्यापेक्षा अगदी निराळा आहे: दिवसा ६ अंश, रात्री २, आणि पाऊस आडवा येतो. म्हणून इथल्या सवयी जशाच्या तशा उचलू नयेत. तरीही झुली इथे रोज हाताळाव्या लागतात, त्यामुळे काही गोष्टी तुमच्या उपयोगी पडतील असे वाटते.

इथे झूल घेताना दोन आकडे पाहतात. पहिला आकडा भरावाचा, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम कृत्रिम कापूस भरला आहे याचा. शून्य ग्रॅमच्या झुलीत भराव नसतो, ती फक्त पाऊस आणि वारा अडवते. ५० ते १०० ग्रॅमची हलकी, २०० च्या आसपासची मध्यम आणि ३०० च्या पुढची जाड समजतात. दुसरा आकडा डेनियरचा. तो वरच्या कापडाच्या धाग्याची जाडी सांगतो. ६०० डेनियरचे कापड गरीब घोड्याला पुरते, आणि कुंपणाला अंग घासणाऱ्या घोड्याला १२०० किंवा त्याहून जाड लागते. डेनियर जास्त म्हणजे ऊब जास्त, असा गैरसमज इथेही अनेकांचा असतो. उबेचा संबंध फक्त भरावाशी आहे.

तुमच्या हवेला ३०० ग्रॅमची झूल म्हणजे शिक्षाच ठरेल. ऑनलाइन विकत घेताना "हेवी" असे लिहिलेले पाहून भुलू नका. मला विचाराल तर मी शून्य ग्रॅमची, पाणी न शिरू देणारी पण आतला घाम बाहेर जाऊ देणारी एक झूल घेईन, आणि अगदी कडाक्याच्या रात्रींसाठी तिच्याखाली घालायला एक पातळ फ्लीसची, म्हणजे मऊ लवदार कृत्रिम कापडाची. फ्लीस घामाची ओल अंगापासून ओढून घेते आणि धुतल्यावर लवकर वाळते. मानेवरचा भाग जोडलेली झूल तुम्हाला मुळीच नको. मान मोकळी राहिली की घोड्याला जास्तीची ऊब टाकता येते.

सकाळी उशीर होण्याच्या तुमच्या प्रश्नाचे माझ्या मते एकच उत्तर आहे. झूल रात्रीच्या सर्वांत गार तासाला नव्हे, तर ती अंगावर असेल त्या सर्वांत गरम तासाला सोसेल अशी निवडावी. तुम्हाला नऊ वाजता खात्रीने पोहोचता येणार असेल तर नऊ वाजताच्या हवेचा विचार करा. अकरा वाजण्याची शक्यता असेल तर भराव असलेली कोणतीही झूल घालू नका. पहाटेचे दोन-तीन तास थोडे गार गेले तर घोडा चार घास वैरण खाऊन निभावून नेतो, पण कोंडलेल्या घामातून त्याला स्वतःहून सुटता येत नाही.

एक जुनी युक्तीही सांगते, कारण काड तुमच्याकडे भरपूर असेल. घोडा फेरफटका मारून घामाघूम होऊन आला आणि संध्याकाळ गार असेल, तर त्याच्या पाठीवर कोरड्या गव्हाच्या काडाचा वीतभर थर पसरावा आणि वरून जाळीदार किंवा सच्छिद्र कापड सैल बांधावे. काडातून हवा खेळते, घाम निघून जातो आणि पाठ एकदम गार पडत नाही. तासाभराने काड काढून खरारा करावा. मी हे इथल्या एका वृद्ध घोडेवाल्याकडून शिकले आणि आजही करते.

कादवाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. पागेतला काकांनी सांगितल्याप्रमाणे मी चार पहाटे साडेपाचला उठून पाहिले. अंगावर काहीही नव्हते, तापमापक ९ अंश दाखवत होता. कान बर्फासारखे होते, पण खांद्यामागे केसांखाली हात घातला तर कातडी कोमट आणि कोरडी. ती निवांत गवत खात होती. म्हणजे गेल्या वर्षी मी तिला नको असलेली वस्तू अंगावर लादत होतो.

दोन शंका उरल्या आहेत. तिच्या बरगड्या हलक्याशा दिसतात, तेव्हा सडपातळ घोडीला वेगळा नियम लावावा का? आणि थंडीत ऊब यावी म्हणून घरातले वडीलधारे बाजरी व गूळ वाढवायला आणि गोठ्यात शेकोटी करायला सांगतात, ते योग्य आहे का?

पशुवैद्य माणदेश

आपल्या दोन्ही शंका महत्त्वाच्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

समशीतोष्ण हवेत वाढलेल्या निरोगी घोड्याला साधारण ५ ते २५ अंशांच्या दरम्यान अंगाची ऊब टिकवण्यासाठी जास्तीचे श्रम पडत नाहीत असे मानतात. दीर्घकाळ कडक थंडीत राहिलेल्या घोड्यांची ही खालची मर्यादा शून्याच्या बरीच खाली जाते. मारवाडी घोडा उष्ण आणि कोरड्या प्रदेशातला, पातळ कातडीचा आणि बारीक केसांचा असल्यामुळे मी त्याच्या बाबतीत थोडी सावधगिरी बाळगतो, विशेषतः थंडीची पहिली लाट अचानक येते तेव्हा. शरीराला नव्या हवेची सवय होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून मार्गशीर्षाच्या सुरुवातीचे ८ अंश जितके बोचतात तितके पौषातले बोचत नाहीत.

बरगड्या नुसत्या दिसत असतील आणि कमरेवर, पुठ्ठ्यांवर मांस असेल, तर या जातीत ते चालते. पाठीचा कणा वर आलेला दिसत असेल, घोडी म्हातारी, आजारी किंवा गाभण असून खंगलेली असेल, अथवा तिचे केस यंत्राने कापलेले असतील, तर झुलीची गरज निश्चित वाढते. याउलट लठ्ठ घोड्याला या हवेत झूल घालूच नये. साठलेली चरबी जाळण्याची त्याला मिळणारी ती चांगली संधी असते.

आता उबेविषयी. घोड्याची खरी शेगडी त्याच्या पोटात, मोठ्या आतड्यात असते. तिथे वाळलेल्या वैरणीतला तंतुमय भाग आंबतो आणि त्यातून सतत उष्णता निर्माण होते. ही ऊब दाण्यापेक्षा गवतातून अधिक मिळते. ३५० किलोच्या घोडीला दिवसाला ५ ते ७ किलो कोरडी वैरण हवी, आणि थंडीच्या लाटेत तिचा मोठा वाटा रात्री उशिरा टाकावा, म्हणजे पहाटेच्या गारठ्यात शेगडी पेटलेली राहील. बाजरी एकदम वाढवू नये. दाणा अचानक वाढल्याने पोटशूळ होऊ शकतो आणि खुरांना सूज येऊन जनावर कायमचे अधू होण्याचीही भीती असते. चमचाभर गुळाने नुकसान नाही, पण त्याने ऊबही येत नाही.

पाण्याकडे मात्र कोणी पाहत नाही, आणि माझ्या अनुभवात हिवाळ्यातला पोटशूळ पुष्कळदा तिथूनच सुरू होतो. टाकीतले गार पाणी घोडा कमी पितो, वर कोरडी वैरण खातो, आणि आतड्यात लीद अडकते. सकाळी आणि रात्री एकेक बादली कोमट पाणी पुढे ठेवावे आणि लीद नेहमीइतकी, नेहमीसारखी मऊ पडते की नाही हे रोज पाहावे.

गोठ्यात शेकोटी करू नये. पहिली भीती आगीची, कारण तिथे काड आणि गवत असते आणि घोडी बांधलेली असते, दुसरी धुराची. शेजारच्या बागेतला धूर पहाटे गोठ्याकडे येत असेल तर शेकोटीची जागा बदलावी. घोडा केवळ नाकाने श्वास घेतो आणि त्याची फुप्फुसे धूर व धूळ यांना फार नाजूक असतात.

अवकाळी पावसासाठी शून्य ग्रॅमची झूल जवळ असावी हे मलाही पटते. घोडी आधीच भिजली असेल तर मात्र ओल्या अंगावर ती घालून मोकळे होऊ नका. आधी काडाच्या मुठीने अंग पुसून कोरडे करावे. ओलसर उबेत पाठीवर खपल्या येण्याचा जिवाणूजन्य रोग वाढतो आणि केस झुपक्यांनी निघू लागतात.

पागेतला

डॉक्टरांनी कोमट पाण्याचे लिहिले ते सोळा आणे खरे आहे. माप घेण्याविषयी थोडे राहिले होते. छातीच्या मधोमध टेप धरून, खांद्यावरून आडवा, पुठ्ठ्याच्या सर्वांत मागच्या टोकापर्यंत माप घ्या. घोडी चौरस उभी असू द्या आणि टेप दुसऱ्या माणसाला धरायला सांगा. झूल घातल्यावर मानेच्या मुळाशी खांद्यांवरचा जो उंचवटा असतो तिथे तुमची पालथी मूठ सहज शिरली पाहिजे, आणि छातीच्या पट्ट्याखालीही एक हात मोकळा राहिला पाहिजे. पोटाखालचे पट्टे एकमेकांना छेदून बांधा, म्हणजे ती लोळली तरी झूल फिरणार नाही. सुतळी पुन्हा वापरू नका, ती पाय अडकल्यावर तुटत नाही. खांद्यावरचे गेलेले केस परत आले आहेत का, ते मात्र कळवा.

कादवाकाठ

केस पूर्ण आले आहेत, फक्त डाव्या खांद्यावरचे थोडे पांढरे आले आहेत. आज माप घेतले. शून्य ग्रॅमची झूल मागवतो आणि तोपर्यंत रात्री दहाला वैरणीची एक पेंढी जास्त टाकतो.