गॅरेजच्या भिंतीवर बाहेरून लाकडी फळ्या: आधी काय, मग काय? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

नाशिकला मखमलाबादच्या बाजूला आमचं घर आहे, शेजारी विटांचं गॅरेज. त्याची पश्चिमेची भिंत १८ फूट लांब, ९ फूट उंच. पावसाळ्यात त्र्यंबककडून येणारी तिरकी सर सगळी हिच्याच अंगावर. दिवाळीला रंग काढायचा आणि पुढच्या गणपतीत पोपडे मोजायचे, असं पाच वर्षं चाललंय.

गेल्या वर्षी पंचवटीतला जुना वाडा उतरवला. वाटणीत मला माडीच्या तख्तपोशीच्या सागवानी फळ्या आल्या. (भावाला झोपाळा मिळाला, त्यावर मी बोलत नाही.) चिरून, रंधा मारून साधारण ६ इंच रुंद, पाऊण इंच जाड, एकूण ४२० फुटांच्या आसपास माल आहे. त्या या भिंतीवर आडव्या, एकीवर एक चढवून लावायच्या आहेत.

ठेकेदार म्हणतो, गिलाव्यावर सरळ १२ मिलीमीटरचा प्लाय मारू, त्यावर डिंक लावून फळ्या, वरून पॉलिश. चार दिवसांत काम फत्ते. मला हे पटेना, म्हणून फेब्रुवारीत कोपऱ्यात तीन फुटांच्या सात फळ्या मीच ठोकून पाहिल्या. जिथे फळीवर फळी येते तिथे दोन्हीतून आरपार खिळा. मे महिन्यात सातपैकी पाच फळ्या बरोबर खिळ्याच्या रेषेत लांबीच्या दिशेने तडकल्या. जूनच्या पहिल्या पावसात प्रत्येक खिळ्याखाली काजळ ओघळल्यासारखी काळी रेघ. वाड्यात शंभर वर्षं न हललेलं सागवान माझ्याकडे तीन महिन्यांत फाटलं!

तर विचारायचं असं, की भिंत आणि फळी यांच्यात काय काय थर हवेत, आणि खिळा मारायचा कुठे?

जुना रंधा:
दादा, सागवानाला बोल लावू नका. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र दमट हवेत फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. तुम्ही फळीला वरून आणि खालून, दोन्ही कडांना जखडलंत. तिला आकसायला जागा नाही, मग ती मध्येच फाटणार. काळी रेघ म्हणजे साध्या लोखंडाची आणि लाकडातल्या अर्काची ओलाव्यात झालेली प्रक्रिया. बाहेरच्या कामाला स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू, ३०४ ग्रेडचे. पैसे लागतात, पण एकदाच.

प्लायचं विसरा. तिरक्या पावसात फळ्यांच्या फटीतून थोडं पाणी आत जाणारच. ते खाली वाहून गेलं पाहिजे आणि मागून वारा खेळला पाहिजे. डिंकाने चिकटवलेल्या लाकडामागे पाणी अडकलं की आधी प्लाय फुगेल, मग फळी कुजेल.

आधी गिलाव्याच्या भेगा भरा आणि बाहेरच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग करा. लाकूड हे पावसाचं पहिलं चिलखत, पण शेवटचा भरवसा भिंतीवरच. मग उभ्या रीपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, पाऊण ते एक इंच जाड, वाळवीचं औषध दिलेल्या, दर १६ इंचांवर, भिंतीत गिट्टी (प्लग) बसवून स्क्रूने. फळ्या आडव्या आहेत म्हणून रीपा उभ्याच हव्यात. आडव्या मारल्यात तर प्रत्येक रीप पाण्याला बांध घालेल. ओळंबा लावून, लागेल तिथे पॅकिंग देऊन सगळ्या एका पातळीत आणा. खाली आणि वर पोकळी उघडी ठेवा, पण तिला बारीक जाळी लावा. नाहीतर गांधीलमाश्या वास्तुशांत करतील.

फळ्या खालून वर. सगळ्यात खालच्या फळीमागे एक बारीक पट्टी द्या, म्हणजे तिचा कल वरच्यांसारखाच येतो. नवशिके हे हमखास विसरतात. जमिनीपासून ८ इंच सोडलेत तर तुम्हाला १०० इंच झाकायचेत. ६ इंची फळीला २१ रांगा बसतील, प्रत्येक फळीचं ४.७ इंच दिसेल, १.३ इंच चढाव. एका लांब पट्टीवर ही मापं आखून घ्या आणि भिंतीच्या दोन्ही टोकांना तीच पट्टी लावा, टेप पुन्हा पुन्हा धरू नका.

स्क्रू प्रत्येक रीपेवर एकच. चढावाच्या दोन सूत (पाव इंच) वर, म्हणजे तो खालच्या फळीच्या डोक्यावरून जाईल, तिच्यातून नाही. आधी भोक पाडूनच.

नुसता वाचक:
डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्या) लावा आणि मोकळे व्हा. आमच्याकडे तेच आहे, कटकट नाही.

जुना रंधा:
लावा की. पण यांच्या घरात माडीचं सागवान पडलंय.

सिडकोवाली:
लाकडाआधी ओल कुठून येते ते बघा. दोन फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने भिंतीवर चिकटवा, दोन दिवसांनी उघडा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीत आहे. आमच्याकडे पाऊस समजून तीनदा रंग काढला, दोष निघाला टेरेसच्या पन्हाळीचा.

धागाकर्ता:
ताई, तुमचं ऐकून तीन ठिकाणी प्लास्टिक लावलं. वरची दोन्ही कोरडी, खालच्यात चक्क घाम. कारण आईचा गुलाबांचा वाफा. माती भिंतीला टेकून दीड फूट चढलेली आणि रोज संध्याकाळी पाईपने पाणी. वाफा दोन फूट पुढे सरकवायचा ठराव आज घरात मंजूर झाला, एक मत विरोधात.

रंधाकाका, दोन शंका. मागच्या बाजूलाही तेल लावायचं का? आणि शटरच्या वर फळ्या संपतात तिथे काय?

जुना रंधा:
लावण्याआधीच पुढे-मागे, चारी कडांना. एका बाजूलाच लावलंत तर ओलावा दोन बाजूंनी वेगळा शिरतो आणि फळी वाकते. कापलेल्या टोकांना दोनदा, तिथूनच लाकूड पाणी पितं. नुसतं जवसाचं तेल नको, आपल्या पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. बाहेरच्या लाकडाचं बुरशीरोधक तेल घ्या.

शटरवर पत्र्याची झेड आकाराची पट्टी. वरची कड रीपांच्या मागे भिंतीला सील करून, खालची शटरच्या चौकटीपुढे अर्धा इंच. फळी त्या पत्र्याला टेकवू नका, तीन सूत फट सोडा. ती फट सिलिकॉनने बुजवायची नाही, मिस्त्रीने कितीही आग्रह केला तरी.

धागाकर्ता:
दसऱ्याला पहिली रीप मारतो. त्या पाच तडकलेल्या फळ्यांचं काय करू?

जुना रंधा:
तडा कापून आखूड करा, शटरच्या बाजूला लागतीलच. रंध्याआधी तुटलेले खिळे मात्र लोहचुंबक फिरवून शोधा, माझं एक पातं असंच गेलंय.